मांड्या काचतात? आधी या चुका थांबवा

पावसाळ्यापासून ऑक्टोबर हीटपर्यंत, दर रविवारी आमच्या धावण्याच्या ग्रुपमध्ये लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याची धाव, संपवून कुणी ना कुणी पाय फाकून चालत येतंच. जांघा सोललेल्या, काखा लाल, आणि आंघोळीच्या पहिल्या तांब्यालाच आग आग. चुका मात्र दर वेळी त्याच.

सगळ्यात जास्त चीड येते ती पावडरीची. 'घाम शोषते ना!' म्हणत मंडळी मांड्यांमध्ये टाल्कम थापून येतात. मुंबईच्या दमट हवेत तिचा बघता बघता लगदा होतो, गुठळ्या वळतात आणि त्याच कातडीवर घासत राहतात. कोरड्या कातडीपेक्षा ओलसर कातडी जास्त घासली जाते, घाम वाळला की मागे मीठ उरतं. त्यात या पावडरीची आणखी भर. साधी पेट्रोलियम जेली घ्या. जांघेत, काखेत, ब्राच्या पट्टीखाली, कमरेच्या इलॅस्टिकखाली लावा. नुसतं बोट फिरवून भागत नाही, हाताला बुळबुळीत लागलं पाहिजे. लांब पल्ल्याला मी छोटी डबी खिशात ठेवते आणि अर्ध्या वाटेत थांबून पुन्हा लावते. वेळ बिघडतो म्हणून नवे लोक थांबत नाहीत. ती दोन मिनिटं द्याच.

सुती बनियन आणि सुती चड्डी धावताना नको, घाम पितात आणि धरून ठेवतात. मांडीला मांडी लागत असेल तर आतून लांब, घट्ट शॉर्ट घाला. मानेमागचं लेबल कापून टाका. शर्यतीच्या किटमध्ये मिळालेला नवा कोरा टीशर्ट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका. पुरुषांनी स्तनाग्रांवर मायक्रोपोरची कागदी चिकटपट्टी लावावी, नाहीतर टीशर्टवर रक्ताचे दोन ओघळ येतात.

आता दुसरी चूक, ही खरी महागात पडते. आमच्यातला एक मुलगा सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धावला. यवतेश्वरच्या घाटात पाऊस, कपडे चिंब, जांघा सोलल्या. त्याला लगेच पुढच्या आठवड्यात धावायचं होतं. औषधाच्या दुकानातून 'खाज, नायटा, सगळ्यावर चालते' अशी ट्यूब आणली. दोन दिवसांत लाली गेली, हा पुन्हा धावला, पुन्हा उठलं, पुन्हा ट्यूब. दिवाळीपर्यंत जांघेपासून कमरेपर्यंत नायट्याची, म्हणजे बुरशीच्या संसर्गाची, चकंदळं. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. त्याने खाज आणि लाली दबते, खाली बुरशी मोकाट पसरते, वर कातडी पातळ होते. त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब बंद करून बुरशीवरचं औषध दिलं, ते कितीतरी आठवडे चाललं. सोललेल्या कातडीला खरं तर थोडी उसंत हवी होती, आणि नवशिके नेमकी तीच द्यायला तयार नसतात.

सोललंच तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, पंच्याने टिपून घ्या, चोळू नका. वर झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेली. रात्री सैल लुंगी नाहीतर गाऊन. जंतुनाशक द्रावण, स्पिरिट, लिंबू यातलं काही नको. कातडी भरून येईपर्यंत धावणं बंद.

घासलेली जागा झोंबते आणि आराम दिला की दोन-चार दिवसांत निवळते. गोल कडा उठली, खाज सुटली आणि डाग पसरायला लागला तर नायट्याची शंका घ्या आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. पू, ताप किंवा पसरती लाली असेल तर त्याच दिवशी. मधुमेह असणाऱ्यांनी साधं सोलवटलं तरी दाखवून घ्यावं.