संत्र्याच्या खोडाला बोर्डो पेस्ट: आदल्या दिवसाची तयारी

डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक पाझरणाऱ्या रोगासाठी, पावसाळ्याआधी खोडाला 10 टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण) लावायची असेल, तर चुन्यापासून सुरुवात करा. बाकी सगळे दुकानात मिळते, चुना मात्र पारखून घ्यावा लागतो. कळीचा, म्हणजे न विरवलेला चुना हवा, तोही जड, कडक खड्यांचा. बोटाने चुरणारा खडा हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून बसलेला असतो, त्याची पुन्हा चुनखडीच होत आलेली असते. खात्री करायची तर चिमूटभर चुना पाण्यात विरवून, थंड झाल्यावर त्यावर लिंबू पिळा. जोरात फसफसला तर तो चुना परत करा.

10 लिटर पेस्टला मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. प्लास्टिकच्या तीन बादल्या, लाकडी काठी, गाळायला जुने सुती कापड, ब्रश, रबरी हातमोजे आणि चष्मा. लोखंडी बादली नको. मोरचुदातले तांबे लोखंडावर बसते आणि औषध वाया जाते.

मोरचूद कापडात बांधून रात्रभर 5 लिटर पाण्यात वरच्या बाजूला लोंबकळत ठेवा. तळाशी टाकले तर खडे नुसते पडून राहतात. वर टांगले की निळे, जड द्रावण आपोआप खाली उतरते आणि खडे विरघळत जातात.

चुना थोड्या पाण्यात एकेक खडा टाकून विरवा. पाणी उकळते, शिंतोडे उडतात, चष्मा त्यासाठीच. मग 5 लिटर करा, गाळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. गरम चुन्यात मोरचूद ओतले की मिश्रण काळपट पडते, ते लावू नका.

आता दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओता, काठी चालू ठेवा. रंग आकाशी यायला हवा. घासून चकचकीत केलेला विळा अर्धा मिनिट बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मिश्रण अजून आम्लधर्मी आहे, चुन्याची निवळी घालत जा. हिशेबाने 1 किलो मोरचुदाला पाव किलोच्या आतच शुद्ध चुना लागतो. जादा चुना साल भाजू देत नाही आणि पेस्टला चिकटपणा देतो, म्हणून त्यात कंजुषी नको.

डिंक आलेली साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडा, मग जमिनीपासून 1 मीटरपर्यंत लावा. पेस्ट त्याच दिवशी संपवा. उद्या ती तळाशी बसलेली असेल.