ऑर्किडचा दांडा भलतीकडूनच निघून राह्यला? कात्री जरा बाजूले ठेवा

दिवाळी आटपली, कापसाची वेचणी लागली अन् रात्री गोधडी काढावी लागली की मले एकाच टाइपचे फोटो यायले लागतात, खिडकीतल्या ऑर्किडले काहीतरी हिरवं निघालं, हे काय होय, कापू का ठेवू. यंदाही सुरू झालं म्हून एकदाच लिहून टाकतो. हे सगळं फेलेनॉप्सिसचं होय, जाड रुंद पानाचं, लग्नात-वास्तूत गिफ्ट येते ते. आपल्याकडे मोहाच्या, आंब्याच्या फांदीवर चिकटलेली रास्ना पण ऑर्किडच, पण ते उन्हाळ्या-पावसाळ्यात फुलते, तिले हा हिशोब लावू नका.

पहिले तर मूळ का फुलाचा दांडा ते पाहा. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत अन् मागची साल चंदेरी पांढरट, पाणी पडलं की हिरवी होते. दांडा पानाच्या बगलेतून निघते, त्याचं टोक जरा चपटं, एका बाजूले अंगठा काढलेल्या हातमोज्यासारखं, अन् दोन-तीन इंच झाला की उसासारखे पेर दिसतात. कळत नसन तर आठ-पंधरा दिवस थांबा, आपोआप कळते. मी पहिल्या वर्षी थांबलो नाई, मूळ समजून चांगला बोटभर दांडा कुंडीतल्या मॉसमध्ये, म्हणजे शेवाळात, दाबून दिला, तो सडला अन् बायको अजून ऐकवते.

आता हा दांडा निघते काऊन, तर गारव्यानं. संत्र्याले जसा बहार धरायले पाण्याचा ताण देतो तसा इथं ताण थंडीचा, दिवसा 20 ते 25 अन् रात्री 15 ते 18 डिग्री असं चार-सहा आठवडे मिळालं की झाड दांडा काढते. पाणी तोडून ताण देऊ नका बाप्पा, हे संत्रा नाई, पानं सुरकुततात. अन् दिवसा पारा 28 च्या वर टिकून राह्यला तर दांडा निघतच नाई, किंवा निघालेला दांडा मन बदलते, पेरावरच्या डोळ्यातून कळीच्या जागी पानं फुटतात. यालेच केकी म्हणतात, म्हणजे पिल्लू, केळीले मुनवे येतात तसंच समजा, फक्त जमिनीत नाई, दांड्यावर लटकून. मार्चमध्ये उशिरा निघालेल्या दांड्याचं आपल्याकडे बरेचदा हेच होते. ते रोग नाई. दोन-तीन पानं अन् दोन-अडीच इंचाची मुळं येऊ द्या, मग दांड्याच्या तुकड्यासकट कापून झाडाच्या सालीच्या बारीक तुकड्यात लावा. घाई केली की पिल्लू मरते.

खरी काळजीची गोष्ट एकच, दांडा बगलेतून न निघता मधातल्या पोंग्यातूनच निघणं. हे झाड एकाच शेंड्यानं वर वाढते, त्या शेंड्याचाच दांडा झाला की त्या पोंग्यातून पुढे नवीन पान येत नाई. तरी कापू नका, फुलं पाहून घ्या, आहे ती पानं सांभाळा, पुष्कळदा बुडाशी नवीन पिल्लू फुटते. फुटलच अशी गॅरंटी मी देत नाई.

एक गोष्ट खास संत्रेवाल्यांच्या घरची. अंबिया बहाराची फळगळ थांबवायले आणलेलं जिबरेलिक ॲसिड, म्हणजे झाडाच्या वाढीचं संजीवक, पंपात उरते अन् कोणीतरी हौसेनं ऑर्किडवर मारून देते. त्यानं गरमीतही दांडा निघू शकते, पण फुलं वेडीवाकडी येतात. तणनाशकाचा पंप तर कुंडीजवळ नेऊच नका, टू-फोर-डीच्या नुसत्या वाऱ्यानं कपाशीचं पान भेंडीसारखं होते हे आपण पाह्यलंच आहे, मग कशाले रिस्क घेता.

दांडा खाली चालला किंवा आडवा चालला तर घाबरू नका, जंगलात तो लोंबतच असते. उजेडाकडे वळते म्हून कुंडी रोज फिरवू नका, नाईतर नागमोडी होते. काडी बांधायची असन तर दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं वळवा, एका दमात वाकवला की कट्कन मोडते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10 च्या आसपास जाते तेव्हा कुंडी पोर्चमध्ये ठेवू नका, आत घ्या, पण पिकत घातलेल्या केळी-सीताफळाच्या खोलीत नको, पिकत्या फळातून निघणाऱ्या वायूनं कळ्या पिवळ्या पडून गळतात. पाणी बोअरचं खारं असन तर मुळावर पांढरा थर बसते, पावसाचं भरून ठेवलेलं असन तर ते वापरा. आरओचं वाया जाणारं पाणी तर अजून खारं, ते कुंडीत अजिबात नाई.

दांड्यावर चिकट गोड थेंब दिसले तर कळीच्या देठापाशी नीट पाहा. कापसासारखं पांढरं चिकटलं असन तर मिलीबग नावाची कीड होय, कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा, दर आठवड्याले, दोन-तीन वेळा. काहीच नसन तर झाडाचाच रस असते, सोडून द्या.

फुलं झडल्यावर पाच-सहा पानाचं दणकट झाड असन तर खालून दोन-तीन पेर ठेवून वरून कापा, तिथून फाटा फुटू शकते. दोन-तीनच पानं असन तर बुडातून काढा, झाडाले दम घेऊ द्या.

अन् फोटो पाठवाल तर दांड्याच्या शेंड्याचा नका पाठवू, जिथून निघाला त्या जागेचा पाठवा.