युतीसाठी जोडीदार कसा हेरावा : रोबोटिक्स स्पर्धेतील स्काउटिंग

लातूर, नांदेड किंवा परभणीहून ‘फर्स्ट टेक चॅलेंज’सारख्या स्पर्धेला पहिल्यांदाच जाणाऱ्या संघाचे सगळे महिने रोबो बांधण्यात जातात आणि इतर संघांचे निरीक्षण, म्हणजेच स्काउटिंग, करायचे राहिले हे मैदानावर पोहोचल्यावर लक्षात येते. या स्पर्धेत प्रत्येक मॅच दोन संघांची युती विरुद्ध दोन संघांची युती अशी रंगते. प्राथमिक मॅचमधील जोडीदार वेळापत्रकानुसार वाट्याला येतो. बाद फेरीसाठी मात्र क्रमवारीतील वरचे संघ कर्णधार होऊन आपला जोडीदार स्वतः निवडतात. सकाळी ज्याच्याशी सामना झाला तोच संघ दुपारी आपल्या बाजूला हवा असू शकतो, म्हणून नोंदी करताना ‘याला हरवावे कसे’ यापेक्षा ‘याच्यासोबत आपले जमेल का’ हा प्रश्न आधी विचारावा.

‘लातूर पॅटर्न’च्या वातावरणात वाढलेल्या आपल्या मुलांचा गुणवत्ता यादीवर फार विश्वास असतो, आणि इथे तोच आडवा येतो. प्रत्येक संघाला जेमतेम पाच-सहा प्राथमिक मॅच मिळत असतील, तर दोन-तीन वेळा तगडा जोडीदार लाभलेला सामान्य रोबोही यादीत वर चढतो. युतीच्या एकत्रित गुणांतून एकेका संघाचा वाटा गणिताने काढणारा ‘ओपीआर’ हा आकडाही इतक्या थोड्या मॅचवरून भरवशाचा ठरत नाही. मोंढ्यातला जाणता खरेदीदार सोयाबीनच्या ढिगाचा वरचा थर पाहून बोली लावत नाही, आत हात घालून मूठभर दाणे बाहेर काढतो; स्काउटिंग करणाऱ्यानेही तेच करायचे असते.

मैदानावर एका वेळी चार रोबो असतात, तेव्हा चार मुले बसवावीत आणि प्रत्येकाने एकाच रोबोवर नजर ठेवावी. गावाकडच्या टेनिस बॉल स्पर्धांत स्कोअर लिहिणारी मुले या कामात पटकन तयार होतात, असा माझा अनुभव आहे. सुरुवातीच्या ३० सेकंदांत रोबो स्वयंचलित चालतो आणि त्यानंतरची २ मिनिटे तो चालकाच्या हाती असतो. या दोन्ही भागांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. स्वयंचलित भागात रोबो कोठून निघाला व कोणत्या मार्गाने गेला याचे छोटेसे रेखाचित्र काढावे, कारण दोघांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील तर उत्तम रोबोही आपल्याला निरुपयोगी ठरतो. चालकाच्या भागात नेमके किती वेळा गुण मिळवले, किती प्रयत्न फसले, नियमभंगामुळे समोरच्याला गुण गेले का आणि रोबो मध्येच बंद पडला का, एवढे लिहिले तरी पुरे. ‘चांगला खेळला’ असा शेरा संध्याकाळी कोणालाच उपयोगी पडत नाही. चार मॅचमध्ये ९, ०, ८, ० अशी कामगिरी करणारा रोबो आणि ५, ४, ५, ५ अशी करणारा रोबो यांची सरासरी फारशी दूर नाही, तरीही मी बहुतेक वेळा दुसराच निवडीन.

मॅच सुरू होण्याआधी पिटमध्ये, म्हणजे संघ आपापले रोबो ठेवतात व दुरुस्त करतात त्या जागेत, एक फेरी मारावी. तेथे प्रत्येक संघ आपला रोबो सर्व काही करतो असेच सांगतो. त्यात खोटेपणापेक्षा उत्साह जास्त असतो. म्हणून ‘हे जमते का?’ असे न विचारता ‘मागच्या पाच प्रयत्नांत किती वेळा जमले?’ असे विचारावे आणि उत्तर मैदानावरच्या नोंदीशी ताडून पाहावे. बंद पडलेल्या रोबोचे कारणही आपुलकीने विचारावे, कारण सैल झालेली वायर दहा मिनिटांत घट्ट होते, तुटलेल्या गिअरचे तसे नसते. आपल्या रोबोबद्दल कोणी विचारले तर लपवाछपवी करू नये. तेही जोडीदारच शोधत असतात.

नोंदी कागदावरच असाव्यात. मोबाईलची बॅटरी आणि सभागृहातले नेटवर्क, दोन्ही ऐनवेळी दगा देतात.

शेवटच्या प्राथमिक मॅचपूर्वी सर्वांनी बसून पसंतीची क्रमवार यादी करावी आणि ती मैदानात उभ्या राहणाऱ्या प्रतिनिधीच्या हातात द्यावी. एखाद्या कर्णधाराचे निमंत्रण नाकारणाऱ्या संघाला नंतर दुसरा कर्णधार निवडू शकत नाही, त्यामुळे कोणाला होकार द्यायचा हेही त्याच बैठकीत ठरवून त्या कागदाच्या मागच्या बाजूस लिहून ठेवावे.