हिरो मध्येच गेला तर पिक्चरचं काय? ॲक्शन फिल्म बनवणाऱ्यांनो, या चुका टाळा

आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे आता गावोगावी फिल्मा बनू राहिल्या, अहिराणी म्हणा मराठी म्हणा, आणि त्यातही मारामारीवाल्या जास्त, कारण पोरांकडे कॅमेरा आहे, ड्रोन आहे, शूटला लळिंगचा किल्ला आहे, पालचं जंगल आहे. पण शूटिंग अर्धं झालं आणि हिरोच राहिला नाही तर काय करायचं, हा विचार सुरुवातीला कोणीच करत नाही. राहिला नाही म्हणजे कधी माणूस खरंच जातो, कधी मोटरसायकलवरून पडून पाय मोडतो, कधी सुरतला कामाला लागतो आणि मग सुट्टीच भेटत नाही. जगातल्या मोठ्यात मोठ्या प्रॉडक्शनवर ही वेळ आलेली आहे, काही सावरले, काही फसले, आणि त्यांचं बघून आपल्याला बरंच आधीच टाळता येतं.

सगळ्यात पहिली चूक घाईची. हिरो गेला की दुसऱ्या दिवशीच ग्रुपवर चर्चा सुरू होते की आता डुप्लिकेट कोण. थांबा. हॉलीवूडच्या फ्युरियस सेव्हनचं शूटिंग मध्यावर असताना ३० नोव्हेंबर २०१३ ला त्यातला हिरो पॉल वॉकर कार अपघातात गेला, तर त्यांनी काम बंद ठेवलं, जे शूट झालंय ते सगळं परत बघितलं, स्क्रिप्ट बदलली आणि जुलै २०१४ ची रिलीज ढकलून एप्रिल २०१५ वर नेली. राहिलेल्या सीनसाठी त्याचे दोन सख्खे भाऊ, केलेब आणि कोडी, उभे राहिले आणि त्यांच्यावर कॉम्प्युटरने पॉलचा चेहरा बसवला. पण भावांना उभं करायच्या आधी घरच्यांचं मन बघावं लागतं. आपल्याकडे द्वारदर्शनाला, म्हणजे घरच्यांना भेटायला, गेल्यावर शूटिंगचा विषय काढूच नका. गंधमुक्ती, म्हणजे दुखवटा संपायचा विधी, होऊ द्या, मग एका जाणत्या माणसाला सोबत घेऊन जा आणि नीट विचारा, आणि घरचे नाही म्हटले तर तो पिक्चर तिथेच थांबला, त्यावर वाद घालायचा नाही.

समजा हो म्हटले, तरी आधी हिशोब करा की किती शूट झालंय. थोडंच झालं असेल तर नवीन हिरो घ्या आणि सरळ परत शूट करा, त्यात काही कमीपणा नाही. दिव्या भारती ५ एप्रिल १९९३ ला गेली तेव्हा मोहरा सुरुवातीलाच होता, तिथे रवीना टंडन आली, आणि लाडलाचं तर बरंच शूट झालेलं असताना श्रीदेवीला घेऊन परत केलं. जवळजवळ सगळं झालं असेल तर पॅचवर्कने, म्हणजे राहिलेले बारके तुकडे भरून, भागतं. खरी पंचाईत अर्ध्यावर होते, आणि तिथेच लोक डुप्लिकेटच्या जिवावर अख्खा पिक्चर ओढायला जातात.

ते करू नका. ब्रूस ली १९७३ ला गेला, आणि त्याने अर्धवट सोडलेला गेम ऑफ डेथ १९७८ ला दुसरीच स्टोरी लावून बाहेर आणला. त्याचं खरं फुटेज अगदी थोडं, बाकी सगळीकडे काळा चष्मा लावलेला डुप्लिकेट, आणि एका शॉटमध्ये तर आरशावर ब्रूस लीच्या चेहऱ्याचा कटआउट चिकटवलेला स्पष्ट दिसतो. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेचं फुटेज स्टोरीत वापरलं. मला ते आजही बघवत नाही. ज्या माणसाने या कामासाठी हाडं झिजवली त्याची मयत सीन म्हणून दाखवायची? तुमच्या गावातल्या पोराच्या बाबतीत असं कधीच करू नका, त्याची आई तो पिक्चर बघणार आहे.

डुप्लिकेट वापरायचा तर थोडा वापरा आणि विचार करून वापरा. पाठमोरा शॉट, लाँग शॉट, धुळीतली फाईट, हेल्मेट घातलेली गाडी, एवढंच. उंचीपेक्षा चाल महत्त्वाची, कारण चालीवरून गावचं लेकरू पण ओळखतं की हा तो नाही, म्हणून भाऊ किंवा चुलतभाऊ जास्त खपून जातो. आणि क्लोजअप चीट करायच्या भानगडीत पडू नका. ग्लॅडिएटरच्या वेळी मे १९९९ मध्ये माल्टात ऑलिव्हर रीड गेला (तो हिरो नव्हता पण रोल मोठा होता), तर दुसऱ्याच्या अंगावर त्याचा चेहरा बसवून जेमतेम दोन मिनिटांचं काम काढायला ३२ लाख डॉलरच्या आसपास गेले असं सांगतात. एवढ्या पैशात आपल्याकडे किती पिक्चर होतील! त्यांनी सोबत स्क्रिप्टही बदलून त्याचं पात्र मरतं असं केलं, आणि आपल्यासाठी कामाची गोष्ट तीच आहे, पेन स्वस्त आहे, कॉम्प्युटर महाग आहे. हिरोचा दोस्त, बहीण किंवा म्हातारा बाप, यांपैकी कोणाच्या तरी खांद्यावर स्टोरी टाका. ब्लॅक पँथरमध्ये राजा झालेला हिरो चॅडविक बोसमन ऑगस्ट २०२० मध्ये गेला तेव्हा पुढच्या भागात नवा माणूस घेतला नाही, कॉम्प्युटरचा चेहराही बसवला नाही, राजाच गेला इथून स्टोरी सुरू केली आणि बहिणीला पुढे आणलं. मला हा मार्ग सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

आता शूटिंगच्या आधीच्या चुका, कारण खरा घोळ तिथेच होतो.

आपली पोरं पहिल्याच दिवशी सगळ्यात डेंजर स्टंट घेतात, जोश असतो. उलटं करा. हिरोचे बोलायचे सीन आणि क्लोजअप आधी काढा, स्टंट शेवटी, आणि उंचावरून उडी, पाण्यात उडी, चालत्या गाडीवरची फाईट हिरोकडून करूच घेऊ नका. मल्याळममधला जयन एवढा मोठा ॲक्शन हिरो, १६ नोव्हेंबर १९८० ला हेलिकॉप्टरला लटकायचा स्टंट स्वतः करताना गेला. कुलीच्या वेळी तर साधी हाणामारीच होती, जुलै १९८२, बंगळुरू, अमिताभच्या पोटात टेबलाचा कोपरा लागला आणि अख्खा देश देवळात बसला. तो वाचला, मनमोहन देसाईंनी हिरो मरायचा शेवट बदलून त्याला जिवंत ठेवला, आणि लागला तो शॉट पिक्चरमध्ये थांबवून त्यावर लिहून दाखवलं.

बंदुकीचं तर हात जोडून सांगतो. ३१ मार्च १९९३ ला द क्रो या हॉलीवूड पिक्चरच्या सेटवर ब्रँडन ली, ब्रूस लीचाच मुलगा, गेला. आधीच्या शॉटसाठी वापरलेल्या डमी काडतुसाचं टोक नळीत अडकून राहिलं होतं, कोणी तपासलं नाही, मग त्याच बंदुकीत आवाजाचं काडतूस भरून उडवलं आणि ते टोक गोळीसारखं बाहेर आलं. कोणाच्या काकाची लायसनची बंदूक रिकामी आहे म्हणून आणू नका भो. प्लास्टिकची घ्या, जाळ आणि आवाज एडिटिंगमध्ये टाका.

आवाज ही पण मोठी भानगड. मोबाईलवर शूट करतात, डबिंग नंतर करू म्हणतात, आणि नंतर माणूसच नसतो. जयनच्या त्या पिक्चरला आलप्पी अश्रफने आवाज दिला, कन्नड हिरो पुनीत राजकुमार गेल्यावर त्याचा जेम्स २०२२ ला आला त्यात भाऊ शिवराजकुमार बोलला, आणि आपल्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक स्मिता पाटील गेल्यावर वारीस आला तर त्यात रेखाने डबिंग केलं. म्हणून प्रत्येक सीन संपला की तिथेच शांततेत हिरोकडून सगळे डायलॉग एकदा रेकॉर्ड करून घ्या, पाच मिनिटं लागतात. अहिराणीत तर हे जास्तच गरजेचं, कारण चोपड्याचा लहेजा वेगळा आणि साक्रीचा वेगळा, बदली आवाज लगेच उघडा पडतो.

कपड्यांचे दोन जोड ठेवा, केस-दाढीचे फोटो काढा, फुटेज दोन हार्डडिस्कवर दोन वेगळ्या घरी ठेवा. लोकेशनचंही बघा, रावेर-यावलकडे केळीच्या बागेत अर्धी फाईट घेतली आणि हिरो तीन महिन्यांनी बरा होऊन आला तर तोवर घड कापलेले, खांब उभे नाहीत, मग कितीही डुप्लिकेट आणा, सीन जुळत नाही. बागेतलं काम एका दमात संपवा.

शेवटचं म्हणजे कागद. आपल्याकडे सगळं भाऊ-दादा म्हणत तोंडी चालतं, पण आता मोबाईलवर कोणाचाही आवाज एआयने काढता येतो, म्हणून साध्या कागदावर आधीच लिहून घ्या की माझ्यानंतर किंवा मी येऊ शकलो नाही तर माझा आवाज, चेहरा, राहिलेलं फुटेज वापरायचं की नाही, आणि वापरलं तर पैसे कोणाला द्यायचे. २०२३ मध्ये हॉलीवूडच्या कलाकारांनी महिनोन्महिने संप केला त्यात हा डिजिटल चेहऱ्याच्या परवानगीचा मुद्दा पण होता. ठरलेल्या मानधनातलं राहिलेलं पेमेंट असेल तर ते पिक्चर पूर्ण व्हायची वाट न बघता घरी पोचवा, आणि यूट्यूबवर टाकायच्या आधी घरच्यांना एकदा दाखवा, त्यांनी एखादा शॉट काढा म्हटलं तर काढा.