बाळाच्या डोक्यावरची खपली: तेल लावा, पण धुऊनही काढा

बाळ महिना-दीड महिन्याचं झालं की न्हाऊ घालताना जावळाच्या मुळाशी पिवळसर, तेलकट, मेणासारखे थर हाताला लागतात. टाळूवर आणि कपाळाच्या कडेला ते जास्त असतात, कधी भुवयांत आणि कानामागेही दिसतात. डॉक्टर याला क्रेडल कॅप म्हणतात. हा लहान बाळांमधला सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे त्वचेच्या तेलकट जागी होणारा दाह. तो संसर्गजन्य नाही, बाळाला सहसा खाजत नाही, दुखतही नाही. बहुतेक बाळांमध्ये सहा महिने ते वर्षभरात आपोआप जातो. बाळंतिणीने काय खाल्लं किंवा बाळाची स्वच्छता कमी पडली का, याचा याच्याशी काही संबंध नाही. त्यामुळे घरात कुणी आईला बोल लावत असेल, तर ते आधी थांबवा.

आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे बाळाच्या त्वचेतल्या तेलग्रंथी सुरुवातीचे काही महिने जास्त तेल सोडतात, असं मानलं जातं. त्या तेलात मृत पेशी चिकटून राहतात. शिवाय आपल्या सर्वांच्या त्वचेवर राहणारी मॅलॅसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, तिथे वाढते. या यीस्टला स्वतःची चरबी बनवता येत नाही, ती आजूबाजूच्या तेलातून घेते. म्हणून खोबरेल, ऑलिव्ह किंवा मोहरीचं तेल दिवसभर डोक्यावर तसंच राहिलं, तर खपली कमी होण्याऐवजी जाड होऊ शकते. आपल्याकडे टाळू भरायची पद्धत आहे. पण टाळू भरून येते ती हाडं वाढल्यामुळे, साधारण बारा ते अठरा महिन्यांत. वरून ओतलेल्या तेलाचा त्यात काही वाटा नाही. तेलाचं काम एवढंच, की खपली मऊ करायची. मऊ झाली की तेल डोक्यावरून गेलंच पाहिजे.

कोणतं तेल? वास नसलेलं साधं बेबी ऑइल, म्हणजे लिक्विड पॅराफिन, सगळ्यात बरं, कारण ते यीस्टच्या उपयोगाचं नसतं. घरात खोबरेल असेल तर तेही चालेल, मात्र धुऊन काढायचं. मोहरीच्या तेलाने नाजूक त्वचा चुरचुरते, ते नको. ऑलिव्ह तेलही टाळा. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत खोबरेल बाटलीतच गोठतं, कारण ते चोवीस अंशांच्या खाली घट्ट होतं. अशा वेळी वाटी गॅसवर ठेवू नका. एका भांड्यात कोमट पाणी घेऊन त्यात तेलाची वाटी पाच मिनिटं ठेवा. मग दोन थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून पाहा, नुसतं उबदार लागलं पाहिजे.

आंघोळीच्या पंधरा-वीस मिनिटं आधी चहाचा एक छोटा चमचा तेल घ्या. सगळ्या डोक्याला चोपडण्यापेक्षा बोटांच्या पेरांनी खपलीवर हलकेच जिरवा. मऊ टाळूवरही हात फिरवायला भिऊ नका. तिथला पडदा मजबूत असतो, हलक्या बोटांनी त्याला काही होत नाही. फक्त दाबू नका. खपली फार जाड असेल तर तेल तासभर राहू द्या, रात्रभर नाही.

पंधरा मिनिटांनी खपलीची कड थोडी उचललेली दिसते आणि रंग पिवळ्याचा पांढुरका होतो. मग बाळासाठीचा अगदी मऊ ब्रश किंवा जुन्या सुती साडीचं मऊ फडकं घ्या आणि एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवा. जेवढं सहज सुटेल तेवढंच काढा. उवांची फणी, नखं, जाडसर टॉवेल यांतलं काहीच नको. ओढून काढलेल्या खपलीखाली लालभडक, ओलसर जागा उघडी पडते आणि मग खरोखरचा संसर्ग शिरतो. सुटलेल्या खपलीबरोबर थोडे केस आले तर घाबरू नका, ते पुन्हा येतात.

आता धुणं, आणि खरी चूक इथेच होते. शेंगदाण्याएवढा बेबी शाम्पू तळहातावर पाण्यात कालवा, मग डोक्याला लावा. पाणी कोपराला कोमट लागावं, सदतीस-अडतीस अंश. मिनिटभर बोटं फिरवून धुवा. डोकं अजून तेलकट लागत असेल तर दुसऱ्यांदा थोडा शाम्पू लावा. शहराबाहेर बोअरचं जड पाणी असेल तर फेस कमी येतो आणि साबणाचा थर मागे राहतो. म्हणून शेवटचा तांब्या नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा घ्या. डोकं टिपून कोरडं करा. थंडीत आंघोळ अकराच्या सुमाराला, उन्हं वर आल्यावर घाला. टोपडं केस पूर्ण वाळल्यावरच घाला. घाम आणि ओल आत कोंडली तर थर पुन्हा चिकट होतो.

डाळीचं पीठ चोळू नका, त्याचे कण खपलीत अडकून ओरखडे पाडतात. लिंबू-दह्याने त्वचा जळजळते. केस वाळवायला धुरी तर अजिबात नको, तो धूर बाळाच्या छातीत जातो. न्हाऊ घालायला मावशी येत असतील तर “मावशी, तेल आंघोळीच्या आधी लावू, नंतर टाळू कोरडीच राहू द्या,” असं आधीच सांगा. रागवून सांगायची गरज नाही. वर्षानुवर्षांची सवय एका दिवसात जात नाही.

तेल आठवड्यातून दोन-तीनदा, शाम्पू दिवसाआड. तीन-चार वेळा केल्यावर थर सैल पडतात, डोकं स्वच्छ व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. खपली परत आली तर पद्धत चुकली असं नाही, ग्रंथी अजून तेल सोडत आहेत. डोकं स्वच्छ झाल्यावरही आठवड्यातून दोनदा शाम्पू चालू ठेवा. भुवयांवर कापसाच्या बोळ्याने थेंबभर तेल लावून पुसा, शाम्पू नको, डोळ्यांत जातो.

पू किंवा चिकट स्राव, मधासारखी पिवळी खपली, दुर्गंधी, रक्त, सतत खाजवणं, चेहऱ्यावर किंवा जांघेत पसरणारा लाल चट्टा यांपैकी काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला अडतीस अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल, किंवा अंगभर चट्ट्यांसोबत जुलाब होऊन वजन वाढत नसेल, तर त्याच दिवशी न्या. कीटोकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध असलेला शाम्पू किंवा स्टेरॉइडचं मलम डॉक्टरांनी दिलं तरच वापरा. मोठ्यांचा कोंड्याचा शाम्पू, विशेषतः सॅलिसिलिक ॲसिडचा, बाळाला लावू नका. ते त्वचेतून अंगात शोषलं जातं.

जावळ काढलं की खपली जाते, हा समज खरा नाही, कारण ती केसांतून नाही, त्वचेतून येते. रामकुंडावर किंवा वणीच्या गडावर जावळाचा दिवस ठरला असेल तर आधी डोकं स्वच्छ होऊ द्या. खपलीच्या उंचवट्यांवर वस्तरा अडकतो आणि जखम होते. दिवस पुढे ढकलता येत नसेल तर नवीन ब्लेड मागा, किंवा वस्तऱ्याऐवजी ट्रिमरने केस बारीक करायला सांगा. कुठे कापलं तर त्यावर हळद-चंदन लावू नका, स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडं करा.