संरक्षक भिंतीचा खर्च कुणी करायचा?
बांधकामाच्या पायासाठी मी हद्दीलगतची माती कापली; उरलेली माती ढासळू नये म्हणून भिंत लागणार होती, आणि वाद सुरू झाला. शेजारी म्हणाले, खोदलं तुम्ही, भिंत तुम्हीच बांधा. ठेकेदाराच्या दरपत्रकात ती धरलेलीच नव्हती. मग जुना लेव्हल सर्व्हे, म्हणजे जमिनीच्या उंचीची आधी केलेली मोजणी, आणि आजच्या पातळ्या समोरासमोर ठेवल्या. पातळीतला बहुतेक फरक माझ्या खोदाईमुळे, मागच्या कोपऱ्यात मात्र शेजाऱ्यांनी टाकलेला भराव. ज्यानं मूळ पातळी बदलली त्यानं माती धरावी, हेच मला न्यायाचं वाटतं. स्थानिक नियम तपासून तसंच लेखी ठरवलं; माझी भिंत पायासकट माझ्याच हद्दीत. मागे खडीचा थर आणि भिंतीत पाणी निघायला भोकं, यावर मी अडून बसलो. साचलेल्या पाण्याच्या दाबानं चांगली भिंतही पुढे झुकते.