पर्णरंध्रं मुलांना दाखवायची असतील तर काय काय तयार ठेवाल

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला मुलांना पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची उघडमीट करणारी बारीक भोकं, दाखवायची असतील तर मायक्रोस्कोप, स्लाइड, ब्लेड हे काय सांगायला नको. झाड मात्र आधी ठरवा. आंब्या-काजूच्या पानाच्या नादी लागू नका, पापुद्रा निघतच नाही, नेलपॉलिश लावून ठसा घेता येतो पण ठसा काय उघडणार नि मिटणार. रिओ घ्या, तेच ते पायरीकडेला कुंडीत असतं, पान वरून हिरवं खालून जांभळं. पान तिरकं मोडून खालच्या बाजूने हळू ओढलं की पातळ पापुद्रा येतो आणि जांभळ्या पेशींत रक्षक पेशींच्या (भोकाच्या दोन बाजूंना असतात त्या) हिरव्या जोड्या लगेच कळतात.

आता महत्त्वाचं. कुंडी सकाळपासून उजेडात ठेवा. पडवीत नाही, खळ्यात! मागच्या वर्षी हेच राहिलं, पानं आदल्या रात्री खुडून डब्यात भरली आणि दुसऱ्या दिवशी सगळी रंध्रं ठार बंद. उजेडातला निळा भाग मिळाला की रक्षक पेशी प्रोटॉन बाहेर टाकतात, पोटॅशियम आत येतं, त्याच्यामागोमाग पाणी, पेशी फुगते, पण भोकाकडची भिंत जाड आणि भोवती सेल्युलोजचे धागे आडवे गुंडाळलेले, म्हणून ती रुंद न होता लांबते, बाक घेते आणि मधे फट पडते. याला वेळ लागतो हो, आयत्या वेळी मोबाइलचा टॉर्च मारून काही होत नाही. म्हणून उजेड, आधीपासून.

आदल्या संध्याकाळी कुंडीला पाणी घाला. सुकलेल्या झाडात अ‍ॅबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि भर उजेडातही रंध्रं मिटतात, म्हणजे उजेडात ठेवलेलं फुकट.

स्लाइडवर विहिरीचं पाणी नको, खाडीकाठी ते मचूळ असतं, फिल्टरचं न्या. मिठाचं पाणी वेगळ्या बाटलीत, १०० मिलीला ५ ग्रॅम, आणि बाटलीवर लिहा. आधी उघडी रंध्रं सगळ्यांना बघू द्या, मग कव्हरस्लिपच्या एका कडेला ते घाला, दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढा, पेशीतलं पाणी बाहेर येतं आणि फट मिटते. मुळातच बंद असतील तर मीठ घालून दाखवणार काय? उजेड!!

कोणीतरी पोर बागेतलं अननसाचं पान आणणारच. त्याची रंध्रं रात्री उघडतात, कोरफड-निवडुंगाचंही तेच, तिथे उन्हाचा उपयोग नाही.

आरशाचा मायक्रोस्कोप असेल तर टेबल खिडकीशी. आधी १०ची लेन्स, मग ४०ची. ड्रॉपर, फडकं. शाळेत जाताना कुंडी डिकीत टाकू नका, मांडीवर घ्या, डिकीत अंधार असतो. आणि कव्हरस्लिप जास्तीच्या न्या, पोरं ४०ची लेन्स खाली आणून फोडतातच.